पहिले महायुद्ध आणि हिंदुस्थान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा, कोल्हापूर आणि रत्नागिरीकडच्या अनेक घरांत "पणजोबा बसऱ्याला गेले होते" एवढे एकच वाक्य पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते आणि गोष्ट तिथेच संपते. बसरा कुठे आहे, तिथे कोणाशी लढाई होती, गेलेला माणूस परत का आला नाही आणि त्याचे नाव कुठे लिहिलेले आहे का, हे घरातल्या कोणाला सांगता येत नाही. 1914 ते 1918 या काळातल्या त्या युद्धाविषयी वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

हिंदुस्थान या युद्धात उतरला कसा?

उतरला नाही, उतरवला गेला. 4 ऑगस्ट 1914 रोजी ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले आणि व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांनी हिंदुस्थानही युद्धात असल्याचे जाहीर केले. येथल्या कोणत्याही प्रतिनिधीला त्याआधी विचारलेले नव्हते. पुढे संस्थानिकांनी, काँग्रेसच्या पुढाऱ्यांनी आणि वृत्तपत्रांनी मोठ्या प्रमाणावर पाठिंबा दिला हे खरे. पण तो निर्णयानंतरचा पाठिंबा होता, निर्णयातला सहभाग नव्हता, आणि हा फरक पुढची उत्तरे वाचताना ध्यानात ठेवावा अशी विनंती आहे.

किती माणसे गेली आणि किती परतली नाहीत?

युद्धाच्या अखेरीपर्यंत लढाऊ आणि बिनलढाऊ मिळून चौदा लाखांच्या आसपास माणसे फौजेत घेतली गेली आणि त्यांपैकी सुमारे अकरा लाख समुद्रापार गेली. मृतांचा आकडा साधारणपणे 74,000 असा दिला जातो. फ्रान्स, बेल्जियम, पूर्व आफ्रिका, इजिप्त, गॅलिपोली, पॅलेस्टाइन, एडन आणि मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक, एवढा त्यांचा पसारा होता. सर्वांत जास्त हिंदी सैनिक गेले ते मेसोपोटेमियात, आणि म्हणूनच आपल्याकडच्या घरांत पॅरिसऐवजी बसऱ्याचे नाव शिल्लक राहिले.

सक्तीची भरती नव्हती, मग लोक गेले का?

कायद्याने सक्ती नव्हती. साध्या शिपायाचा पगार महिना 11 रुपये होता. कोकणातल्या दोन-चार गुंठ्यांच्या भातशेतीवर किंवा माणदेशातल्या कोरडवाहू जमिनीवर जगणाऱ्या कुटुंबाला दर महिन्याला ठरलेली रोकड मिळणे ही लहान गोष्ट नव्हती. ज्या घरांतून आजोबा-वडील पलटणीत होते, तिथे मुलाने जाणे ही रीतच होती, आणि पेन्शन, जमीन, गावातला मान ही आमिषे होतीच. मात्र 1917 नंतर मागणी इतकी वाढली की गावोगावी माणसांचा कोटा ठरू लागला. निम्म्याच्या आसपास लढाऊ सैनिक ज्या पंजाबातून गेले, तिथे मामलेदार आणि जमीनदार यांच्यामार्फत टाकलेला दबाव इतका कडक होता की त्याला स्वेच्छा म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पोटासाठी गेलेल्या माणसाला राजनिष्ठ ठरवणे आणि त्यालाच पुढे भाडोत्री म्हणून हिणवणे, हे दोन्ही त्याच्यावर अन्याय करणारे आहे.

मराठी सैनिक मुख्यतः कुठे लढले?

मेसोपोटेमियात. हा मुलूख तेव्हा तुर्की साम्राज्यात होता आणि तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने लढत होते. युद्ध सुरू होताच मुंबईहून जी फौज इराणी आखाताकडे निघाली, ती पुण्याची सहावी डिव्हिजन होती. तिचे नावच पूना डिव्हिजन असे होते. तिच्या पहिल्या ब्रिगेडमध्ये 117 वी मराठा पलटण होती. 6 नोव्हेंबर 1914 रोजी ही ब्रिगेड फाव येथे किनाऱ्यावर उतरली आणि त्याच महिन्यात बसरा हाती आले. मागोमाग 103 वी आणि 110 वी मराठा लाइट इन्फन्ट्री आली. या पलटणींत देशावरचे आणि कोकणातले मराठे होते, तसेच दख्खनी मुसलमानही होते. गोरे अधिकारी मराठा शिपायाला सरसकट 'गणपत' म्हणत, मग त्याचे खरे नाव काहीही असो.

पुढे 105 वी आणि 114 वी या मराठा पलटणीही याच आघाडीवर लढल्या. 114 व्या पलटणीने शरकत येथे मोठा पराक्रम गाजवला तो 29 ऑक्टोबर 1918 रोजी, म्हणजे तुर्कस्तानशी युद्धविराम होण्याच्या आदल्या दिवशी. पलटणीच्या परंपरेत शरकतचे नाव अभिमानाने घेतले जाते. त्या दिवशी पडलेल्यांना युद्ध संपायला एकच दिवस उरला आहे हे माहीत असणे शक्य नव्हते.

कुत अल अमारा येथे नेमके काय घडले?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच आहे आणि त्याचे उत्तर थोडक्यात देणे आम्हाला बरे वाटत नाही.

बसरा सहज मिळाल्यामुळे वरिष्ठांची हाव वाढली. जनरल टाउनशेंड यांच्या हाताखालची पूना डिव्हिजन टायग्रिस नदीच्या काठाने वरवर सरकत थेट बगदाद घेण्यासाठी पाठवण्यात आली. नोव्हेंबर 1915 मध्ये टेसिफोन येथे तुर्की फौजेशी घनघोर लढाई होऊन डिव्हिजनची अपरिमित हानी झाली आणि उरलेली माणसे मागे हटत कुत या नदीच्या वळणावरच्या गावात शिरली. 7 डिसेंबर 1915 रोजी तुर्कांनी गावाला वेढा घातला. तो फुटला नाही.

आत धान्य होते, पण बरेचसे बार्लीचे. ते दळण्याची पुरेशी सोय नव्हती. तेव्हा विमानातून जात्याचे दगड टाकण्यात आले. विमानातून वेढ्यातल्या फौजेला रसद पुरवण्याच्या अगदी पहिल्या प्रयत्नांपैकी हा एक होता, आणि आकाशातून काय पडले तर ज्याच्यावर आपल्या आया-बहिणी पहाटे दळण दळत त्या वस्तूचे दगड. माणसी पिठाचा वाटा कमी होत होत अखेर दिवसाला चार-पाच औंसांवर, म्हणजे जेमतेम दोन मुठींवर आला. घोडे आणि खेचरे कापली जाऊ लागली. ते मांस खाणे हिंदू आणि मुसलमान अशा बहुतेक शिपायांना धर्मबाह्य वाटत होते. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून बिनतारी संदेशाने परवानगी मागवली गेली, ती आलीही, तरी पुष्कळांनी एप्रिल उजाडेपर्यंत ते तोंडात घातले नाही. गावी परतल्यावर लोक काय म्हणतील, मुलीचे लग्न जमेल का, ही त्यांची भीती होती, आणि अधिकाऱ्यांच्या कागदांत हट्टीपणा म्हणून नोंदल्या गेलेल्या त्या उपवासामागे जातीबाहेर पडण्याची अशी खरीखुरी धास्ती होती. भाजीपाला नसल्यामुळे स्कर्व्ही पसरली. हिरड्या सुजून रक्त येऊ लागले, जुन्या जखमा पुन्हा उघडल्या. माणसे तटाबाहेर उगवलेला रानपाला खुडून शिजवू लागली.

वेढा फोडण्यासाठी बाहेरून आलेल्या फौजेचे सुमारे 23,000 लोक मेले वा जखमी झाले, म्हणजे आत अडकलेल्यांपेक्षा कितीतरी अधिक. शेवटी पैसे देऊन सुटका करून घेण्याची बोलणीही झाली आणि फिसकटली. 29 एप्रिल 1916 रोजी सुमारे 13,000 माणसांनी शरणागती पत्करली; त्यांत बहुसंख्य हिंदी होते. टाउनशेंड यांना इस्तंबूलजवळच्या एका बेटावर आरामशीर बंगल्यात ठेवण्यात आले. शिपायांना वाळवंटातून शेकडो मैल चालवत नेऊन रेल्वेच्या बांधकामावर जुंपण्यात आले. ब्रिटिश शिपायांपैकी निम्म्याहून अधिक आणि हिंदी शिपायांपैकी हजारो त्या कैदेत मेले.

या हलाखीला जबाबदार कोण?

ही मोहीम सुरुवातीला लंडनच्या हाती नव्हती, ती सिमल्याहून हिंदुस्थान सरकार चालवत होते, आणि शक्य तितक्या कमी खर्चात चालवत होते. नदीवरच्या बोटी अपुऱ्या, डॉक्टर अपुरे, औषधे अपुरी. टेसिफोनच्या जखमींना स्प्रिंग नसलेल्या खेचरांच्या गाड्यांतून नदीपर्यंत खडखडत आणले गेले आणि उघड्या पडावांवर, म्हणजे सपाट मालवाहू बोटींवर, भरून बसऱ्याकडे पाठवले गेले. मेजर कार्टर या डॉक्टरने पुढे चौकशीत साक्ष दिली. येणाऱ्या बोटीच्या बाजूंवरून दोरखंड लोंबत असावेत असे त्यांना दुरून दिसले. बोट जवळ आल्यावर कळले की ती आमांशाने खंगलेल्या, जागचे हलू न शकणाऱ्या माणसांची वाळलेली विष्ठा होती. ही गोष्ट त्यांनी प्रथम वरिष्ठांच्या कानावर घातली तेव्हा कार्टर यांनाच गप्प बसवण्याचा प्रयत्न झाला.

मेसोपोटेमिया आयोगाचा अहवाल 1917 मध्ये प्रसिद्ध झाला आणि ब्रिटिश मंत्रिमंडळातले भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी आलेल्या माँटेग्यू यांनी 20 ऑगस्ट 1917 रोजी हिंदुस्थानला टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा केली. त्या घोषणेमागे इतरही कारणे होती, तरी टायग्रिसच्या काठी मेलेल्या माणसांचा तिच्याशी संबंध आहे असे आमचे स्पष्ट मत आहे.

फ्रान्समधल्या हिंदी सैनिकांचे काय झाले?

लाहोर आणि मेरठ या डिव्हिजन सप्टेंबर 1914 च्या अखेरीपासून मार्सेय बंदरात उतरू लागल्या आणि ऑक्टोबरमध्ये, अंगावर उन्हाळी कपडे असतानाच, बेल्जियमच्या चिखलात उभ्या राहिल्या. 31 ऑक्टोबर रोजी खुदादाद खान यांनी मिळवलेला व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटनचे सर्वोच्च शौर्यपदक, हा हिंदी सैनिकाने मिळवलेला पहिला. मार्च 1915 मधल्या नव्ह शापेलच्या लढाईत हल्ला करणाऱ्यांत निम्मे हिंदी होते. त्याच वर्षाच्या अखेरीस पायदळ मेसोपोटेमियाकडे हलवले गेले. घोडदळ 1918 पर्यंत राहिले.

जखमींना इंग्लंडमधल्या ब्रायटन येथे राजवाड्यात थाटलेल्या इस्पितळात ठेवत. तिथे नऊ वेगवेगळी स्वयंपाकघरे होती आणि हिंदू व मुसलमानांसाठी पाण्याचे वेगळे नळ. सैनिकांची घरी जाणारी पत्रे लष्करी सेन्सॉर तपासत असे, म्हणून शिपाई आडवळणाने लिहीत: काळी मिरी संपत आली आहे, आता लाल मिरची वापरताहेत. काळी मिरी म्हणजे आपली माणसे, लाल मिरची म्हणजे गोरे. सेन्सॉरला अर्थ कळला, त्याने तो टिपून ठेवला, आणि म्हणूनच ती पत्रे आज वाचायला मिळतात. त्यांत मराठी पत्रे फार थोडी आहेत, कारण मराठा पलटणी बहुतांशी दुसऱ्या आघाडीवर होत्या.

महार सैनिकांना या युद्धात घेतले होते का?

हो, पण उशिरा आणि गरजेपुरते. कंपनीच्या काळापासून मुंबई फौजेत मोठ्या संख्येने असलेल्या महारांची भरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काही ठरावीक जातीच लढण्यास लायक असतात असे मानणाऱ्या 'लढाऊ जाती' या सिद्धान्तापायी बंद करण्यात आली होती. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून निवृत्त सुभेदार-जमादारांनी अर्जांमागून अर्ज केले. माणसे कमी पडू लागल्यावर 1917 मध्ये 111 वी महार पलटण उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर, 1921 मध्ये, मोडली गेली.

जे बंदूक धरत नव्हते त्यांची नोंद आहे का?

खेचरवाले, पाणके, भंगी, धोबी, स्वयंपाकी, डोलीवाले, रेल्वेचे मजूर असे पाच लाखांहून अधिक लोक बिनलढाऊ म्हणून गेले, आणि त्यांच्याविषयी सर्वांत कमी लिहिले गेले आहे. व्यापारी जहाजांच्या भट्ट्यांपाशी कोळसा ओढणारे आणि डेकवर राबणारे खलाशी तर सैनिक म्हणून मोजलेच गेले नाहीत, आणि पाणतीर (टॉर्पेडो) लागल्यावर जहाजाच्या पोटात काम करणाऱ्याला वर येण्याइतका वेळ मिळत नसे. मुंबईत मशीद बंदर भागातल्या खलाशांच्या वसतिगृहात त्यांचे स्मारक आहे. समुद्राखेरीज ज्यांना दुसरी कबर नाही अशा दोन हजारांहून अधिक जणांचे ते आहे. मुंबईकरांनी एकदा तरी तिथे जावे असे मनापासून वाटते.

युद्धाचा घरच्या जीवनावर काय परिणाम झाला?

1917 मध्ये हिंदुस्थान सरकारने ब्रिटनला 10 कोटी पौंडांची देणगी दिली. त्या वेळच्या दराने हे 150 कोटी रुपये झाले. ही रक्कम युद्धकर्ज आणि कर यांतून, म्हणजे येथल्याच लोकांकडून आली. धान्य आणि कापड आघाडीकडे गेले, आगगाड्या आणि जहाजे फौजेसाठी अडकली, आणि मीठ, रॉकेल, ज्वारी, लुगडे या रोजच्या गोष्टी महाग झाल्या. मुंबईच्या गिरण्यांना अमाप नफा झाला, पण कामगाराची मजुरी महागाईच्या मागे राहिली आणि जानेवारी 1919 मध्ये लाखाहून अधिक गिरणी कामगारांनी संप केला.

युद्ध खिशात कसे उतरले याची एक खूण म्हणजे एक रुपयाची नोट. चांदी इतकी महागली की रुपया वितळवणे फायद्याचे ठरू लागले, म्हणून 30 नोव्हेंबर 1917 रोजी पंचम जॉर्ज यांचे चित्र असलेली कागदी रुपयाची नोट निघाली आणि जानेवारीत अडीच रुपयांचीही. रुपया वाजवून घेण्याची ज्यांना पिढीजात सवय, त्यांच्या हातात सरकारने कागद ठेवला.

'मानमोडी' आणि युद्ध यांचा संबंध काय?

जून 1918 मध्ये मुंबईच्या गोदीवर पहाऱ्याला असलेले पोलीस शिपाई तापाने आजारी पडले. सैनिकांची ने-आण करणाऱ्या जहाजांतून इन्फ्लुएन्झाची साथ बंदरात उतरली आणि रेल्वेने देशभर गेली. सप्टेंबर-ऑक्टोबरमधली दुसरी लाट भयंकर होती. 6 ऑक्टोबर 1918 या एका दिवसात मुंबई शहरात 768 माणसे मेली. मान मोडून पडल्यासारखी दुखायची म्हणून लोकांनी तिला मानमोडी म्हटले. त्याच वर्षी पाऊस पडला नव्हता, धान्य महाग होते, आणि अर्धपोटी माणसे आधी गेली. मुंबईत युरोपियनांमध्ये हजारी आठ मृत्यू झाले असताना अस्पृश्य मानलेल्या वस्त्यांमध्ये हजारी एकसष्ट झाले. मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक आणि देशभरात निदान सव्वा कोटी माणसे मेली. जनगणनेच्या इतिहासात देशाची लोकसंख्या घटलेले दशक एकच आहे, 1911 ते 1921. आघाडीवर मेलेले चौऱ्याहत्तर हजार आणि घरात मेलेले कोटीच्या वर, हे दोन आकडे एकाच युद्धाच्या हिशेबात धरावेत असे आम्हाला वाटते.

टिळक आणि गांधीजी यांनी भरतीला पाठिंबा का दिला?

मंडालेहून जून 1914 मध्ये सुटून आलेल्या टिळकांनी साम्राज्याच्या बाजूने उभे राहण्याचे जाहीर केले, पण त्यांची मागणी स्वच्छ होती: आम्ही लढू, मग आमच्या तरुणांना अधिकारीपदे द्या आणि देशाला स्वराज्य द्या. एप्रिल 1916 मध्ये त्यांनी होमरूल लीग काढली ती याच भूमिकेतून. 10 जून 1918 रोजी मुंबईच्या टाउन हॉलमध्ये गव्हर्नर विलिंग्डन यांनी बोलावलेल्या युद्ध परिषदेत टिळकांनी स्वराज्याचा विषय काढताच त्यांना थांबवण्यात आले आणि ते सभा सोडून गेले. गोदीवरचे शिपाई तापाने इस्पितळात दाखल झाल्याची नोंदही त्याच तारखेची आहे. गांधीजींनी दिल्लीच्या युद्ध परिषदेत पाठिंबा दिला आणि त्या उन्हाळ्यात खेडा जिल्ह्यात भरतीसाठी पायपीट केली. प्रतिसाद फारच थोडा मिळाला आणि ते स्वतः गंभीर आजारी पडले. अहिंसेच्या पुरस्कर्त्याने हे करावे, याचे कोडे वाचकांना आजही पडते आणि ते पडणे योग्य आहे.

बदल्यात देशाला काय मिळाले?

व्हर्सायच्या तहावर हिंदुस्थानच्या वतीने माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराज गंगासिंह यांच्या सह्या झाल्या, राष्ट्रसंघाचे सदस्यत्व मिळाले, आणि 1919 च्या राज्यकारभारातल्या सुधारणा आल्या. त्याच वर्षी रौलट कायदा आला, आणि 13 एप्रिल रोजी, ज्या पंजाबने सर्वाधिक शिपाई दिले तिथेच, जालियनवाला बाग घडले.

मृतांची नावे कुठे लिहिलेली आहेत?

दिल्लीचे इंडिया गेट हे याच युद्धाच्या मृतांचे स्मारक आहे. पायाभरणी 1921 ची, उद्घाटन 1931 चे; सुमारे सत्तर हजारांच्या स्मरणार्थ उभारलेल्या त्या कमानीवर नावे तेरा हजारांच्या आसपास आहेत. फ्रान्समध्ये नव्ह शापेल येथे 4,700 हून अधिक नावे आहेत. पुण्यातल्या मराठा युद्धस्मारकाची कोनशिला नोव्हेंबर 1921 मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स यांनी बसवली. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातून गेलेल्यांपैकी 46 जण परतले नाहीत. गावाला लोक आज 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखतात. अनेक गावांत चावडीवर किंवा शाळेच्या भिंतीत संगमरवरी पाटी दिसते: या गावातून इतके लोक महायुद्धात गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. आकडे आहेत, नावे नाहीत.

बसऱ्याच्या स्मारकाची गोष्ट याहून कटू आहे. चाळीस हजारांहून अधिक मृतांच्या त्या स्मारकावर ब्रिटिश सैनिक नावानिशी आहेत, हिंदी अधिकारीही नावानिशी आहेत, पण साध्या हिंदी शिपायांसाठी पलटणीच्या नावाखाली फक्त 'आणि इतर इतके हिंदी सैनिक' अशी संख्या कोरलेली आहे. 2021 मध्ये राष्ट्रकुलाच्या युद्धसमाधी आयोगाने (CWGC) स्वतःच्या अहवालात हा भेदभाव मान्य केला आणि माफी मागितली.

माझ्या पणजोबांचा शोध मी कसा घ्यावा?

आधी घरात शोधा. पदकाच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असते. पेन्शनचे कागद बहुधा जुन्या ट्रंकेत इतर दस्तांबरोबर असतात. क्रमांक आणि पलटण मिळाली की युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर शोध घेता येतो, कारण दगडावर नसलेली पुष्कळ नावे तिथल्या नोंदवहीत आहेत आणि अनेकांपुढे वडिलांचे नाव, गाव आणि जिल्हाही दिलेला आहे. बेळगाव येथील मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्राकडे आणि आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडेही लेखी विचारणा करावी. नावाचे स्पेलिंग इंग्रज कारकुनाने कानाला ऐकू आले तसे लिहिलेले असते, त्यामुळे एकच नाव चार-पाच प्रकारे टाकून पाहावे. आडनाव बहुतेक वेळा दोन शब्दांच्या नावातला दुसरा शब्द म्हणून येते, पण कित्येकदा येतच नाही. अशा वेळी गावाच्या नावावरून सुरुवात करून वडिलांच्या नावाशी ताळा जुळवणे अधिक उपयोगी पडते.